सपाट वस्तू तिरक्या कोनातून ओळखायची कशी: क्रॉस रेशोपासून पडताळणीपर्यंत

एका पट्टीवर ०, २, ५ आणि ९ सेंटिमीटरवर चार खुणा करा. पट्टी टेबलावर ठेवा आणि बाजूने, तिरका कॅमेरा धरून फोटो काढा. समजा फोटोत या खुणा एकाच रेषेवर ०, १००, २०० आणि २८४.२ पिक्सेलवर आल्या. पट्टीवर पहिल्या दोन अंतरांचं गुणोत्तर २:३ होतं, फोटोत ते १:१ झालं. लांबी टिकली नाही, गुणोत्तरही टिकलं नाही.

आता खुणांना अ, ब, क, ड म्हणा आणि (अक × बड) ÷ (बक × अड) काढा. पट्टीवर हे (५ × ७) ÷ (३ × ९) म्हणजे १.२९६ येतं. फोटोत (२०० × १८४.२) ÷ (१०० × २८४.२), म्हणजे पुन्हा १.२९६. हा क्रॉस रेशो. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसला तो माहीत होता. पुढे १८७२ मध्ये गणितज्ञ फेलिक्स क्लाइनने जर्मनीतल्या एर्लांगेनला असं मांडलं की कोणतीही भूमिती म्हणजे ठरावीक बदलांनंतरही जे टिकतं त्याचा अभ्यास. संगणकाला वस्तू ओळखायला शिकवणाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हा धागा पुन्हा उचलला आणि १९९१ मध्ये आइसलंडच्या रेक्याविकमध्ये याच विषयावर एक कार्यशाळाही भरली.

आज हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल. डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिफ्टसारख्या, ठळक खुणा जुळवून वस्तू ओळखणाऱ्या पद्धतींना वस्तूवर नक्षी, अक्षरं, डाग असं काहीतरी लागतं. काळ्या रबराच्या गॅस्केटवर किंवा लेझरने कापलेल्या पत्र्यावर त्यातलं काहीच नसतं. न्यूरल नेटवर्कला फोटो लागतात, आणि दर आठवड्याला नवा सुटा भाग येत असेल तर दर आठवड्याला नवे फोटो. इन्व्हेरियंटला, म्हणजे कोन बदलला तरी न बदलणाऱ्या राशीला, भागाचं एक ड्रॉइंग पुरतं. डीएक्सएफ फाइल, म्हणजे संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगची फाइल, हातात असेल तर प्रत्यक्ष भाग बघण्याआधीच मॉडेल तयार होतं.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. इन्व्हेरियंटने फक्त उमेदवार सुचवायचा असतो. वस्तू तीच आहे की नाही, याचा निर्णय पडताळणीने, म्हणजे ड्रॉइंग चित्रावर टाकून जुळतं का ते बघून, द्यायचा. नुसत्या आकड्यावर नाव ठरवणारी प्रणाली स्वच्छ टेबलावर झकास चालते आणि पसारा वाढला की कोसळते.

पायरी १: कॅमेरा किती बदल घडवतो ते ठरवा

कॅमेरा ठरलेल्या उंचीवर, बरोबर वरून खाली बघत असेल तर वस्तू फक्त सरकते आणि फिरते. लांबी, कोन, क्षेत्रफळ सगळं टिकतं. सरळ मोजा आणि मोकळे व्हा. प्रोजेक्टिव्ह भूमितीच्या, म्हणजे तिरक्या नजरेतही काय टिकतं ते सांगणाऱ्या भूमितीच्या, नादी लागू नका. उंची बदलत असेल तर कोन आणि लांब्यांची गुणोत्तरं टिकतात. कॅमेरा तिरका पण बराच लांब असेल तर बदल अफाइन धरून चालतं: समांतर रेषा समांतर राहतात, क्षेत्रफळांचं गुणोत्तर टिकतं, एका रेषेवरच्या लांब्यांचं गुणोत्तरही टिकतं. ‘बराच लांब’ म्हणजे किती? वस्तूचं जवळचं आणि दूरचं टोक यांच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरांतला फरक एकूण अंतराच्या दहाव्या भागाहून कमी असेल तर मी अफाइन धरतो. हा अंदाजाचा नियम आहे, प्रमेय नव्हे. जवळून आणि तिरकं बघायचं असेल तेव्हाच पूर्ण प्रोजेक्टिव्ह बदलाकडे, म्हणजे होमोग्राफीकडे वळा.

जितका मोठा बदल सहन कराल तितकी माहिती गमवाल, आणि याचा हिशेब साध्या वजाबाकीने होतो. सरकणं आणि फिरणं सांगायला ३ आकडे लागतात, त्यात उंची धरली तर ४, अफाइनला ६ आणि होमोग्राफीला ८. प्रतलातला बिंदू २ आकड्यांचा, रेषाही २ आकड्यांची, लंबवर्तुळ ५ आकड्यांचं. चार बिंदूंचे ८ आकडे होमोग्राफी पूर्ण खाऊन टाकते, उरतं शून्य. पाच बिंदूंचे १०, वजा ८, उरले २ इन्व्हेरियंट. पाच रेषांचेही २. दोन लंबवर्तुळांचे पुन्हा २. एक लंबवर्तुळ आणि दोन रेषा असतील तर १.

या वजाबाकीतला शून्य नीट लक्षात घ्या. प्रोजेक्टिव्ह नजरेला सगळे बहिर्वक्र चौकोन सारखेच: पोस्टकार्ड, दार, पाटी, सगळं एकच. कुठलंही लंबवर्तुळ आणि वर्तुळही एकच. तुमचे भाग नुसते आयताकृती असतील तर इथेच थांबा. कॅमेऱ्याची फोकल लांबी माहीत असेल तर एका फोटोवरून आयताच्या बाजूंचं गुणोत्तर काढता येतं. तो मार्ग धरा.

सपाटपणाची अटही खरी आहे. अवकाशात कसेही विखुरलेले बिंदू असतील तर एका फोटोवरून त्यांचा इन्व्हेरियंट मिळूच शकत नाही, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्न्स, वाइस आणि राइझमन यांनी दाखवून दिलं. जाड प्लेटची वरची कड आणि खालची कड ही दोन वेगळी प्रतलं आहेत. मोजमापात त्यांची सरमिसळ झाली तर आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

पायरी २: भिंगाचा बाक काढा

वरचं सगळं गणित सुईच्या छिद्रातून बघणाऱ्या आदर्श कॅमेऱ्यासाठी आहे. खऱ्या भिंगात सरळ रेषा वाकतात, विशेषतः चित्राच्या कडांजवळ. बुद्धिबळाच्या पटासारखी छापील चौकट वेगवेगळ्या कोनांतून टिपा, ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतल्या कॅलिब्रेशनने बाक मोजा आणि प्रत्येक चित्र आधी सरळ करून घ्या. झेंगयू झांग यांच्या २००० सालच्या पद्धतीवर हे आधारलेलं आहे. काम एकदाच करायचं, पण टाळायचं नाही.

पायरी ३: बिंदू शोधू नका, रेषा बसवा

नवखा माणूस कोपरे शोधणारं फंक्शन उचलतो. ते टाळा. कापलेल्या पत्र्याचा कोपरा थोडा गोल असतो, त्यावर बर (कापताना उरलेली खरबरीत कड) असतो, उजेड चमकतो. त्याऐवजी जॉन कॅनीच्या १९८६ च्या पद्धतीने कडा काढा, त्या साखळीसारख्या जोडा, सरळ तुकडे वेगळे करा आणि प्रत्येक तुकड्यावर रेषा बसवा. रेषा बसवताना दोन्ही टोकांचे काही पिक्सेल सोडून द्या. शंभर पिक्सेलवर बसवलेल्या रेषेची जागा एका पिक्सेलहून बरीच अचूक कळते. कोपरा हवाच असेल तर दोन रेषांचा छेदनबिंदू घ्या. तो गोलाईच्या बाहेर, हवेत असला तरी भूमितीला चालतं.

भोकांना लंबवर्तुळ बसवा. परिघाचा निदान अर्धा भाग दिसायला हवा. पाव भागावर बसवलेलं लंबवर्तुळ कुठेही भरकटतं. आणि फोटोतल्या लंबवर्तुळाचं केंद्र म्हणजे भोकाच्या केंद्राची प्रतिमा नव्हे. तिरक्या चित्रात ते दोन बिंदू वेगळे पडतात. भोकांची केंद्रं बिंदू म्हणून वापरून पाच बिंदूंचा इन्व्हेरियंट काढणाऱ्यांची गाडी बहुतेक इथेच अडते.

पायरी ४: आकडे काढा

पाच बिंदूंचं उदाहरण हाताने करून बघू. आयताकृती प्लेटचे कोपरे अ(०,०), ब(१०,०), क(१०,६), ड(०,६) आणि आत एक खूण इ(४,२). प्रत्येक बिंदू (क्ष, य, १) असा लिहा. तीन बिंदू एकाखाली एक लिहिले की ३ × ३ चा निश्चयक मिळतो. त्याला [अबक] म्हणू. ते त्या त्रिकोणाचं चिन्हासहित दुप्पट क्षेत्रफळ असतं. दोन इन्व्हेरियंट असे:

पहिला = [डकअ] × [इबअ] ÷ ([डबअ] × [इकअ])

दुसरा = [डबअ] × [इकब] ÷ ([डकब] × [इबअ])

प्रत्येक बिंदू वर जितक्या वेळा येतो तितक्याच वेळा खाली येतो. त्यामुळे होमोग्राफीने घातलेले सगळे गुणक कटून जातात. आपल्या प्लेटसाठी पहिला = (−६० × −२०) ÷ (−६० × ४) = −५, आणि दुसरा = (−६० × −३६) ÷ (−६० × −२०) = १.८.

आता तिरक्या फोटोत हेच बिंदू, जवळच्या पूर्ण पिक्सेलवर आणून, (०,०), (४००,०), (३३३,२००), (०,२७७) आणि (१८५,९२) असे मिळाले. हिशेब करा: पहिला −४.८१, दुसरा १.८०५. दुसरा जवळजवळ जसाच्या तसा, पण पहिल्यात ४ टक्क्यांच्या आसपास चूक. चित्र तेच, बिंदू तेच, पूर्णांकात आणण्याची किंमत दोघांनी वेगवेगळी मोजली. कारण [इकअ] मध्ये आहे. बिंदू इ हा अक या कर्णाच्या अगदी जवळ आहे, म्हणून तो त्रिकोण चिंचोळा आहे (बाकीचे २० ते ६०, हा फक्त ४), आणि हा इवलासा आकडा छेदात बसलाय. तीन बिंदू जवळपास एका रेषेत येतील अशी पंचकडी, म्हणजे पाच बिंदूंचा गट, मॉडेलमध्ये घेऊच नका. ड्रॉइंग हाती आल्यावर पहिलं काम हे: कुठल्या पंचकड्या चांगल्या, ते निश्चयकांच्या आकारावरून चाळून घ्या.

निश्चयकांची चिन्हंही फुकट हाती पडतात, ती फेकू नका. अख्खी वस्तू कॅमेऱ्याच्या समोर असेल तर सगळ्या निश्चयकांची चिन्हं एकतर जशीच्या तशी राहतात किंवा सगळी एकदम उलटतात. काही उलटली आणि काही राहिली, तर ती वस्तू ती नव्हे. या एका तपासणीत बरेच खोटे उमेदवार गळतात आणि तिला भागाकारही लागत नाही.

दोन भोकांसाठी: प्रत्येक लंबवर्तुळ ३ × ३ च्या सममित मॅट्रिक्सने लिहा आणि तिचा निश्चयक १ होईल अशा पटीने ती गुणून घ्या. मग पहिलीची व्यस्त मॅट्रिक्स गुणिले दुसरी, या गुणाकाराच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज हा पहिला इन्व्हेरियंट. दुसरीची व्यस्त गुणिले पहिली यातून दुसरा. फंक्शन बरोबर लिहिलंय का हे तपासायला एकच लंबवर्तुळ दोन्ही जागी द्या, उत्तर नेमकं ३ आलं पाहिजे. १० मिलिमीटर व्यासाची दोन सारखी भोकं, केंद्रांतलं अंतर ४० मिलिमीटर असेल तर ३ − (४० ÷ ५)² म्हणजे −६१ यायला हवं, आणि दोन्ही इन्व्हेरियंट सारखे. भोकं सारखी असली की एकच माहिती मिळते, हे त्यातून दिसतंच. इथे दोन खाचखळगे आहेत. निश्चयक ऋण असू शकतो, तेव्हा घनमूळ काढायला नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमधलं घनमुळाचं खास फंक्शन वापरा. एक-तृतीयांश घात टाकला तर ऋण संख्येवर उत्तर बिघडतं. आणि ओपनसीव्हीचं लंबवर्तुळ बसवणारं फंक्शन अक्षांची पूर्ण लांबी देतं, अर्धी नाही.

खाचा असलेल्या वस्तू: पाना घ्या

पान्याच्या जबड्याला ना पाच सोयीच्या रेषा, ना भोक. अशा वक्र बाह्यरेषेसाठी खाचच कामाला येते. खाचेच्या तोंडावर एक सरळ रेषा टेकवा, जी दोन्ही ओठांना एकेका बिंदूत स्पर्श करेल. हे झाले दोन बिंदू. त्या प्रत्येक बिंदूतून खाचेच्या आतल्या कडेला स्पर्शिका काढा, आणखी दोन बिंदू मिळाले. स्पर्श करणं हे होमोग्राफीतही टिकतं, त्यामुळे कुठल्याही कोनातून हेच चार बिंदू सापडतात. आता या चौघांना एकक चौरसाच्या चार कोपऱ्यांवर नेणारी होमोग्राफी काढा आणि खाचेची अख्खी कड तिच्यातून न्या. कुठूनही फोटो काढा, चौरसात बसलेली वक्ररेषा तीच येते. तिच्याखालच्या क्षेत्रफळांचे पाच-सहा आकडे घेतले की वस्तूची सही तयार.

रॉथवेल, झिसरमन, फोर्सिथ आणि मंडी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये घडवलेल्या ‘लुइस’ या प्रणालीत हीच युक्ती होती. या पद्धतीचा मोठा फायदा असा की पान्याचा दांडा दुसऱ्या वस्तूखाली गाडला गेला तरी जबडा दिसतोय तोवर काम होतं. एका वस्तूच्या दोन-तीन खाचा नोंदवल्या तर आणखी बरं.

पायरी ५: गोंधळ मोजा, मग तक्ता बांधा

पट्टीकडे परत जाऊ. फोटोतली क ही खूण एक पिक्सेल सरकली, २०० ऐवजी २०१ झाली, तर क्रॉस रेशो १.२९६ वरून १.२९० वर येतो. पट्टी पाचपट लहान दिसत असती (सगळी मिळून ५७ पिक्सेल) तर तोच एक पिक्सेल त्याला १.२६५ वर नेतो. आता दुसरी पट्टी घ्या, खुणा ०, २, ५ आणि ९.५ वर. तिचा क्रॉस रेशो १.३१६. मोठ्या चित्रात या दोन पट्ट्या वेगळ्या ओळखता येतात, लहान चित्रात नाही. सूत्र बदलून यात फरक पडणार नाही. कॅमेरा जवळ आणा.

तक्ता म्हणजे कुठल्या इन्व्हेरियंट मूल्याला कुठला भाग, याची नोंद. तो बांधण्याआधी प्रत्येक मॉडेलवर हे करा: ड्रॉइंगवर शेकडो यादृच्छिक होमोग्राफी चालवा, बिंदूंमध्ये अर्ध्या पिक्सेलइतका गोंधळ (मोजमापातली यादृच्छिक चूक) मिसळा आणि प्रत्येक इन्व्हेरियंट किती पसरतो ते मोजा. जो पसरतो तो टाका. जो टिकतो त्याच्या पसाऱ्याएवढा तक्त्यातला खण, म्हणजे मूल्यांचा पट्टा, ठेवा. सगळ्यांना एकाच मापाचे खण देऊ नका, कारण क्रॉस रेशोची मूल्यं एकसारखी विखुरलेली नसतात, काही भागात दाटी असते आणि काही भाग जवळपास रिकामा.

मग क्रमाचा प्रश्न. चार बिंदूंची नावं २४ प्रकारे लावता येतात आणि त्यातून क्रॉस रेशोची ६ वेगवेगळी मूल्यं निघतात. क्रमावर अवलंबून नसलेलं एखादं सममित सूत्र बनवता येतं, पण त्यात वस्तू-वस्तूंमधला फरकही पुसट होतो. मला ते पटत नाही. बाह्यरेषेवरून चालत गेलात तर रेषांचा क्रम ठरलेलाच असतो, फक्त सुरुवात कुठून हे माहीत नसतं. पाच रेषांसाठी पाच नोंदी करा. भाग उलटा पडू शकत असेल तर उलट्या क्रमाच्या आणखी पाच. तक्त्याला जागा कितीशी लागते! शोधताना मात्र मिळालेल्या खणाबरोबर शेजारचे खणही बघा.

पायरी ६: पडताळणी

तक्त्याने उमेदवार दिला की सोबत जोड्याही मिळतात: ड्रॉइंगवरची ही रेषा म्हणजे चित्रातली ती. चार किंवा जास्त जोड्यांवरून होमोग्राफी काढा, ड्रॉइंगची पूर्ण बाह्यरेषा तिच्यातून चित्रावर टाका आणि बघा: टाकलेल्या रेषेच्या किती भागाजवळ खरी कड आहे? मी तीन पिक्सेलच्या आत आणि दिशेत १५ अंशांपेक्षा कमी फरक असलेली कडच मोजतो. दिशेची अट विसरू नका; ती नसेल तर खरबरीत पार्श्वभूमीवर कुठलीही वस्तू कुठेही ‘सापडते’. निम्मी बाह्यरेषा जुळली तर स्वीकारा, कमी जुळली तर पुढचा उमेदवार. एकाच वस्तूचे दोन-तीन उमेदवार एकच होमोग्राफी सुचवत असतील तर त्यांच्या जोड्या एकत्र करून होमोग्राफी पुन्हा काढा. ती बरीच अचूक होते.

पडताळणीवर एवढा भर देण्यामागे सैद्धांतिक कारणही आहे. स्वीडनमधल्या लुंडचे काले ऑस्ट्रॉम यांनी १९९५ मध्ये दाखवलं की प्रोजेक्टिव्ह बदल पुरेसा मोकळा सोडला तर अगदी वेगळ्या वाटणाऱ्या वक्ररेषाही एकमेकींच्या हव्या तितक्या जवळ नेता येतात. म्हणून निघालेली होमोग्राफी प्रत्यक्ष कॅमेऱ्याला शक्य आहे का, हेही विचारा. वस्तू जवळजवळ कडेने उभी दिसत असेल, एका टोकाला तिचा आकार पन्नासपट फुगत असेल, तर जुळणी कितीही छान असली तरी नाकारा.

काही चुकलं तर कुठे बघायचं

चाचणीच्या चित्रांत तक्त्यात नसलेल्या वस्तू मुद्दाम ठेवा: कात्री, चाव्यांचा जुडगा, फोनचा चार्जर. प्रणाली त्यांना कुठल्याही भागाचं नाव देत असेल तर पडताळणी ढिली आहे. खण लहान करून ते सुटणार नाही. ओळखता यायला हवी अशी वस्तू सुटली तर क्रमाने तीन ठिकाणी बघा. आधी कडा आणि रेषा चित्रावर काढून डोळ्यांनी तपासा, कारण बहुतेक वेळा चूक इथेच असते: चमक, सावली, दोन तुकड्यांत तुटलेली रेषा. मग मिळालेला इन्व्हेरियंट ड्रॉइंगच्या आकड्यापासून किती दूर पडला ते बघा. तो नेहमी एकाच बाजूला सरकत असेल तर भिंगाचा बाक नीट निघालेला नाही, किंवा प्लेटची खालची कड मोजली जातेय. दोन्ही ठीक असतील तरच पडताळणीच्या मर्यादांना हात लावा.

उजेड बदलून बघणं सगळ्यात स्वस्त. टेबलाखालून दुधी काचेतून प्रकाश दिला तर भागांच्या बाह्यरेषा आणि भोकं स्वच्छ काळी-पांढरी होतात. मात्र जाड प्लेट तिरकी बघत असाल तर या उजेडात वरची आणि खालची कड मिळून एकच बाह्यरेषा बनते. तिथे खालचा प्रकाश बंद ठेवा आणि वरून पसरट उजेड द्या.